बीपीटीच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) न्यूरोतले ट्रॅक्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतूंचे मार्ग, डोक्यात राहत नाहीत. फिजिओला एवढं खरंच लागतं का?

लागतं. "पास होण्यापुरतं कर, पुढे ऑर्थोच (हाडं-सांध्यांचंच) करायचंय" असं सांगणारे सीनियर तुम्हालाही भेटले असतील. त्यांचं ऐकू नका.

मी नोकरीला लागले तेव्हा एका दवाखान्यात साठीच्या काकू यायच्या. चिठ्ठीवर लिहिलेलं: गुडघेदुखी, शेक आणि व्यायाम. गुडघे झिजले होतेच, एक्स-रेत दिसत होतं. पण त्यांचं चालणं गुडघेदुखीचं नव्हतं. पाय ताठ, पावलं फाकलेली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, चप्पल निसटते तरी कळत नाही, ब्लाउजचे हुक सून लावून देते. गुडघ्यामुळे हुक लागत नाहीत असं कधी होतं का? पाऊल झटक्यात वर दाबून धरलं तर ते थडथडत राहिलं. क्लोनस. मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली तर अंगठा आत वळला. हॉफमन. हात आणि पाय, दोन्हींत अप्पर मोटर न्यूरॉनची लक्षणं, म्हणजे बिघाड मेंदू किंवा मज्जारज्जूत. मी तसं लिहून मानेच्या तपासणीसाठी त्यांना परत पाठवलं. त्यावर वरिष्ठांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "तुझं काम मशीन लावायचं." एमआरआयमध्ये मानेत स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) दबलेली निघाली, ऑपरेशन झालं. त्या वाक्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

आता ट्रॅक्टचं. प्रत्येकाचा एकच प्रश्न धरा: बाजू कुठे बदलतो? हालचालीचे आदेश नेणाऱ्या कॉर्टिकोस्पायनलचे बहुतेक तंतू मेड्युलाच्या, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, खालच्या टोकाला. कंपन आणि सांध्याची जाणीव नेणारे डॉर्सल कॉलमसुद्धा मेड्युलात. वेदना-तापमानाचा स्पायनोथॅलॅमिक मात्र कॉर्डमध्ये शिरल्यावर एक-दोन सेगमेंटमध्येच (कॉर्डच्या टप्प्यांत). मग कॉर्ड उजवीकडून अर्धी कापली तर उजव्या पायाची ताकद आणि कंपन-सांध्याची जाणीव जाते, वेदना-तापमानाची जाणीव मात्र डाव्या पायाची. या अर्ध्या कापलेल्या कॉर्डच्या लक्षणांना ब्राउन-सेकार्ड म्हणतात, ते पाठ करायची गरजच उरत नाही. हे चित्र स्वतःच्या हाताने काढा, झेरॉक्स नोट्सवरून नाही. क्रेनियल नर्व्हजचं (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांचं) पाठांतर मात्र टळत नाही.

मधुमेहाने पायाच्या नसा गेल्या असतील तर रिफ्लेक्स कमीच मिळतात, म्हणून क्लोनस नाही म्हणजे मान ठीक असं समजू नका. आणि निदानावर शेवटची सही डॉक्टरांचीच, हे मला मान्य आहे. पण रिफ्लेक्सचा हातोडा खिशात असू द्या, जे मिळेल ते केसपेपरवर तारीख घालून, सही करून लिहा. तोंडी सांगितलं तर "मशीन लाव" एवढंच ऐकायला मिळतं.