देवावर सोडलंय सगळं, तरी मनातून का जात नाही?

"मॅडम, सगळं पांडुरंगावर सोडलंय, तरी रात्री दोनला जाग येते आणि तेच सुरू होतं." समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे फार येतो, म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते (ओळख पटेल असे तपशील बदललेत).

पन्नाशीच्या ताई, गळ्यात माळ, रोज हरिपाठ. वडील गेल्यावर आईने गळ घातली म्हणून शेतजमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करून आल्या, तोवर ताई ताई करणारा भाऊ पुढे भाऊबीजेला फोनसुद्धा करेना. लोक म्हणायचे, माळकरी माणसाने मनात एवढा राग ठेवू नये. झालं, रागाच्या जोडीला आता रागाची लाजही!

मी विचारलं, ताई, जमीन परत पाहिजे का? त्या गप्पच. २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे हे त्यांना माहीत होतं, पण भांडायचं की नाही हे ठरवलंच नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे, जे आपण स्वतः ठरवायचं ते देवाकडे ढकललं की ते रात्री परत येतं. मी त्यांना आधी वकिलाकडे पाठवलं. समुपदेशक असून वकिलाकडे पाठवते म्हणून त्या जरा चिडल्याच. तिथे कळलं की रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून रद्द होत नाही, फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो. घरी जाऊन विचार केला आणि म्हणाल्या, नाही लढायचं, पण हे मी ठरवलंय, आईने नाही.

मग श्रद्धा कामाला आली. हरिपाठाआधी पंधरा मिनिटं भावाबद्दल काय वाटेल ते वहीत लिहायचं, अगदी शिव्यासुद्धा, मग वही बंद करून टाळ हातात घ्यायचे. रात्री विषय निघाला की "उद्या संध्याकाळी बघू" म्हणायचं. पहिले काही दिवस काहीच फरक नाही, उलट रडू जास्त. नंतर झोप हळूहळू लागायला लागली. (झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल तर वही पुरे नाही, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, किंवा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

माफ केलं का, तर अर्धवट. भावाशी बोलणं अजून नाहीये. पुतणीचं लग्न ठरतंय म्हणे, बोलावलं तर जायचं का ते पत्रिका आल्यावर बघू म्हणाल्या.