वाचक विचारतात : गांबियाला निघण्यापूर्वी

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या देशाविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. काजूच्या व्यापारामुळे, नोकरीमुळे किंवा नुसत्या पर्यटनासाठी मुंबईतून तिकडे जाणाऱ्यांची ही पत्रे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघे डिसेंबरात गांबियाला जाणार आहोत. यलो फीव्हरची लस खरेच लागते का? की एजंट उगाच घाबरवतो आहे? (मुलुंड)

एजंट घाबरवत नाही. लस घ्यायचीच, आणि कारणे दोन आहेत. एक म्हणजे तिथे हा रोग होऊ शकतो. दुसरे कारण लोकांच्या लक्षात येत नाही : अडचण जाताना नव्हे, परतताना होते. पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा, धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाते. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडीस डास गल्लोगल्ली आहे, म्हणून नियम इतका कडक. मधल्या विमानतळावर काही तास थांबलात तरी सहा दिवसांचा हिशोब चुकत नाही.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत सहारला विमानतळ आरोग्य संघटनेचे केंद्र आहे, बंदर आरोग्य संघटनेचे आहे आणि जे. जे. रुग्णालयातही सोय आहे. एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि कुपी एकदा पातळ केली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे केंद्रे ठरावीक वारी, आधी नाव नोंदवून लस देतात. 'उद्या जाऊन टोचून येऊ' असे होत नाही. मूळ पासपोर्ट बरोबर न्या, कारण प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवर पासपोर्टचा क्रमांक लिहितात. पुढे पासपोर्ट बदलला, तर जुनाही जवळ ठेवा.

प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध धरतात, म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी केंद्रात धावणाऱ्याचा उपयोग नाही. जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालते. पूर्वीची दहा वर्षांची मुदत गेली, हे काही ट्रॅव्हल एजंटांना अजून ठाऊक नसते. लस जिवंत विषाणूची आहे. गरोदर स्त्रिया, नऊ महिन्यांखालची बाळे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे आणि साठीपुढचे, या सगळ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. वैद्यकीय कारणाने सूट मिळाली तरी परतताना विलगीकरण टळेलच असे नाही. गोवर किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी घ्या, नाही तर चार आठवड्यांचे अंतर ठेवा.

प्रश्न : मुंबईकराला मलेरियाचे काय कौतुक! पावसाळ्यात घरटी एकाला होतोच. मग गोळ्यांची भानगड कशाला? (दादर)

हा प्रश्न चार जणांनी विचारला आहे, त्यामुळे जरा सविस्तर. मुंबईतला मलेरिया बहुतांशी व्हायव्हॅक्स जातीचा असतो. गांबियातला जवळजवळ सगळा फॅल्सिपेरम. तो वेळेवर ओळखला नाही तर मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो, आणि ताप आल्यापासून दोन दिवसांतही रुग्ण गंभीर होऊ शकतो. लहानपणी दोनदा मलेरिया झाला होता म्हणून आता काही होणार नाही, ही समजूत धोक्याची. क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी तिथे चालत नाही.

प्रतिबंधाचे पर्याय तीन, आणि निवड डॉक्टरांनी करायची. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज, परतल्यावर सात दिवस. ती जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यावी, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, हीही एक-दोन दिवस आधीपासून रोज, पण परतल्यावर चार आठवडे. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, अन्ननलिकेला जखम होते. तिने ऊनही बाधते. गरोदर स्त्रिया व लहान मुलांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधीपासून आणि परतल्यावर चार आठवडे; मानसिक आजाराचा इतिहास असेल तर नको. बहुतेक जण चुकतात ते शेवटी : घरी आलो, ताप नाही, गोळ्या बंद. यकृतातून परजीवी रक्तात उतरतो तो नेमका याच काळात, म्हणून परतल्यानंतरचे दिवस मोजून पुरे करावेत.

सर्वाधिक धोका पाऊस सरता सरता, सप्टेंबर ते नोव्हेंबर. तुम्ही डिसेंबरात जात असलात तरी गोळ्या सोडू नयेत. औषध लावलेली मच्छरदाणी वापरा. तिने मुलांचे मृत्यू कमी होतात हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या चाचण्या याच देशात झाल्या. परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य 'मी गांबियाहून आलो आहे' हेच सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयाला हे आजार नवे नाहीत.

प्रश्न : पैसे कसे न्यावेत? तिथे यूपीआय, रुपे चालते का? (गिरगाव)

नाही. तिथले चलन डलासी. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही. मुंबईतूनच डॉलर किंवा युरो घ्या. रोख परकीय चलन एका प्रवासात 3,000 डॉलरपर्यंत नेता येते, बाकी कार्डावर. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या असाव्यात. बँकेने शिक्का मारलेली नोट परत करतात. शंभराच्या नोटेला भाव चांगला मिळतो.

सगळ्यात मोठी नोट 200 डलासीची, म्हणजे तीन डॉलरच्या आतबाहेर. दोनशे डॉलर बदलले की खिशात मावणार नाही एवढी चवड हातात येते. थोडे थोडे बदला, आणि दुकानात बसून नीट मोजून घ्या, रस्त्यावर नको. एटीएम मुख्यतः किनाऱ्याच्या पट्ट्यात आहेत, एका वेळी थोडीच रक्कम देतात आणि रिकामे पडतात. व्हिसा कार्ड जास्त ठिकाणी चालते. नदीच्या वरच्या अंगाला जायचे असेल तर सगळी रोकड आधीच काढून ठेवा.

2019 पासून विमानतळावर 20 डॉलरचे सुरक्षा शुल्क घेतात, उतरताना एकदा आणि निघताना एकदा. वीसच्या दोन नोटा माणशी वेगळ्या ठेवा, सुटे मागत बसू नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. दहा दिवस उपाशी तर राहणार नाही ना? (विलेपार्ले)

उपाशी राहणार नाही, पण ताटात मासा नाही म्हणजे जेवण शाकाहारी, असे धरू नका. डोमोडा हा भुईमुगाच्या दाण्यांच्या वाटणाचा दाट रस्सा भातावर घेतात. उपासाच्या दाण्याच्या आमटीची सवय असलेल्याला तो लगेच आवडतो, फक्त त्यात टोमॅटो, कांदा आणि बहुधा मांस असते. मांसाशिवाय करून मिळतो, पण चवीसाठी सुकी मासळी किंवा मॅगीची वडी (रश्शाला चव आणणारा मसाल्याचा ठोकळा, नूडल्स नव्हे) पडलेली असते. बेनाचिन म्हणजे एकाच भांड्यातला भात. त्यातले तांदूळच माशाच्या रश्शात शिजतात, त्यामुळे वरचा तुकडा काढून काही साधत नाही. भेंडीच्या सुपरकांजातही मासळी असतेच. यासा हा रस्सा कांदा, लिंबू आणि मोहरीचा. तो भाज्या घालून सहज करून देतात.

सांगताना 'शाकाहारी' म्हणून थांबू नका. मांस नको, कोंबडी नको, मासा नको, सुकी मासळी नको, वडी नको, असे एकेक नाव घ्या. इंग्रजी ही तिथली राजभाषा असल्याने सांगणे कठीण नाही. सकाळी तापालापा हा लांबट, घट्ट पाव आणि चवळीची उसळ बहुतेक ठिकाणी मिळते. अंबाडीच्या बोंडांचे लाल वोंजो आणि गोरखचिंचेच्या गराचे सरबत जरूर प्या; साखर बेताने सांगा आणि पाणी कुठले ते विचारा. तांदूळ हवा तसा मिळतो, त्यात कणी जास्त. सप्टेंबर 2022 मध्ये भारताने कणीची निर्यात थांबवली, तेव्हा त्याची झळ तिथल्या स्वयंपाकघरांना लागली होती. तुरीची डाळ, गोडा मसाला आणि चिंच घरूनच न्या.

प्रश्न : दहा दिवसांत काय काय पाहता येईल? नकाशावर देश चिमुकला दिसतो. (ठाकूरद्वार)

नकाशा फसवतो. क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याहून कमी, पण आकार नदीच्या दोन्ही तीरांवर ओढलेल्या पट्टीसारखा, रुंदी कुठेही पन्नास किलोमीटरच्या फार पुढे नाही आणि तिन्ही बाजूंना सेनेगल. समुद्राकडून आत जान्जानबुरे या गावापर्यंत सुमारे 300 किलोमीटर. तिथे एका दिवसात जाऊन येण्याचा बेत कोणी विकत असेल तर घेऊ नका. दोन रात्री ठेवा. वासूची दगडी वर्तुळे (2006 पासून जागतिक वारसा) आणि नदीतल्या बेटांवरचे चिंपांझी त्यातच होतात. बेटांवर माणसांना उतरू देत नाहीत, नावेतूनच पाहायचे, आणि ते योग्यच आहे.

नदी ओलांडणे हा या देशाचा खरा प्रश्न. मुखाशी राजधानी बांजुलपासून पलीकडच्या 'बारा' या गावापर्यंत फेरीबोट आहे. पायी प्रवासी सहसा लवकर चढतात, गाडीला मात्र तासन्‌तास रांग लागते. घाई झाली म्हणून गच्च भरलेल्या लाकडी होडीत बसू नका. सप्टेंबर 2002 मध्ये ज्योला हे सेनेगलचे जहाज याच किनाऱ्याजवळ बुडाले तेव्हा 1,800 हून अधिक माणसे गेली. जहाज क्षमतेच्या कितीतरी पट भरले होते. आत फाराफेन्नीजवळ जानेवारी 2019 मध्ये पूल झाला, वरच्या भागात जायचे तर त्याचाच विचार करा. गुलामांच्या व्यापाराशी जोडलेल्या कुंटा किंटे बेटासाठी मात्र उत्तर तीरावरच्या जुफुरेला जावे लागते. बेट झिजत चालले आहे, अवशेष थोडेच उरलेत. इतिहास आधी वाचून गेलात तरच तिथे थांबावेसे वाटेल.

उरलेले दिवस किनाऱ्यावर. तांजी या कोळ्यांच्या गावी मासळी उतरते ती दुपारनंतर, सकाळी गेलात तर रिकामी वाळू दिसेल. समुद्रात ओढ जबर असते, लाल निशाण असताना पाण्यात जाऊ नये. नदीच्या वरच्या भागात पाणी गोडे होते. त्यात पोहू नका, बिलहार्झियाचा (गोड्या पाण्यातून त्वचेवाटे शिरणाऱ्या कृमींच्या आजाराचा) धोका असतो. पक्षी पाहणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठावा. त्याच दिवसांत सहारातून हरमट्टान वारा धूळ घेऊन येतो, दम्याच्या रुग्णांनी पंप आणि मास्क जवळ ठेवावा.

शहरात पिवळ्या, हिरव्या पट्ट्याच्या टॅक्सी ठरावीक मार्गावर शेअर चालतात. रिकाम्या टॅक्सीत बसून थेट हॉटेलचे नाव सांगितले की चालक तिला 'टाउन ट्रिप' धरतो, म्हणजे पूर्ण गाडीचे भाडे. शेअर की पूर्ण गाडी, ते बसण्याआधी ठरवा.

प्रश्न : नवऱ्याची दोन वर्षांची नेमणूक आहे. घर घेताना काय पाहावे? (बोरिवली)

घरमालक सहा महिन्यांचे, कधी वर्षभराचे भाडे आगाऊ मागतो. ते देण्याआधी संध्याकाळी सात ते नऊ त्या घरात जाऊन बसा, कारण वीज आणि पाण्याचा ताण तेव्हाच कळतो. वीज प्रीपेड मीटरची असते, टोकन विकत घेऊन आकडे मीटरवर दाबायचे. आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्या मीटरवर नाही ना, हे करारापूर्वी विचारा. पाण्याची टाकी आणि विहीर किंवा बोअर आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, तेही पाहा. विजेचा दाब आपल्यासारखा 230 व्होल्टच, पण प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चपट्या पिनांचे. फ्रिजला स्टॅबिलायझर आणि घराला इन्व्हर्टर पहिल्या महिन्यातच घ्या. कुकर इथून न्या. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथलेच घ्या. इंडक्शनवर सगळा स्वयंपाक सोडू नका.

शुक्रवारी सरकारी कामकाज अर्धाच दिवस. परवान्याची कामे सोमवार ते गुरुवार सकाळी करा. तोबास्कीच्या, म्हणजे बकरी ईदच्या आधीचे दोन आठवडे भाव चढतात आणि गाड्या मिळत नाहीत.

प्रश्न : मी एकटी जाणार आहे. त्रास होतो का? (माहीम)

किनाऱ्यावर 'बमस्टर' म्हणतात ती तरुण मुले गप्पा मारत मागे लागतात. हसून, पण ठामपणे नको म्हणा आणि चालत राहा. थांबून कारणे देत बसलात की ती रेंगाळतात. नमस्कार-चमत्काराशिवाय थेट किंमत विचारणे तिथे उद्धटपणाचे वाटते, दुकानदारालाही आधी कसे आहात विचारा. जेवण व देणेघेणे उजव्या हाताने. किनारा सोडला की गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे घाला. विमानतळ, पोलीस चौक्या, सैनिक यांचे फोटो काढू नका.

प्रश्न : आपला दूतावास आहे का? फोनची वेळ कशी साधायची? (परळ)

गांबियाचे काम डाकारच्या भारतीय दूतावासाकडून पाहिले जाते. त्याचा पत्ता व आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून ठेवा, आणि पासपोर्टच्या झेरॉक्स दोन वेगळ्या पिशव्यांत. मात्र डाकार सेनेगलमध्ये आहे. गांबियाच्या व्हिशावर तिथे जाता येत नाही. गांबियाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही सीमा ओलांडलीत, तर परत शिरतानाही अडाल. मुंबईहून थेट विमान नाही, इस्तंबूलमार्गे सोयीचे पडते. युरोपातल्या काही विमानतळांवर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, तिकीट काढण्यापूर्वी विमानकंपनीकडून लेखी विचारून घ्या. भारत साडेपाच तास पुढे : इथे रात्री नऊ वाजता तिथे दुपारचे साडेतीन. देशाचा कोड 220, सिम पासपोर्ट दाखवून मिळते.