पुरात साइटवरचा आकडा जुना राहिला तर?

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी शिरोळ तालुक्यातल्या गावांसाठी छोटी साइट चालू केलीय, सरकारी सेन्सरचे आकडे घेऊन पंचगंगा आणि कृष्णेची पातळी दाखवतो. गेल्या पावसाळ्यात पाणी चढत होतं पण साइटवर संध्याकाळपासून तोच आकडा, सेन्सरकडून नवीन काही येतच नव्हतं, आणि ते आम्हाला लोकांचे फोन आल्यावर कळलं. मोठा सर्व्हर घ्यावा का? आणि मधला आकडा अंदाजाने भरला तर चालेल का?
— एक वाचक, कुरुंदवाड

उत्तर : अंदाजाने अजिबात भरू नका. तुमच्याकडे दोन्ही नद्यांचं पाणी येतं, लोक पंचगंगेवरचा कोल्हापूरचा राजाराम बंधारा आणि कृष्णेवरचा सांगलीचा आयर्विन पूल दोन्हीकडचे आकडे बघून जनावरं कधी हलवायची ते ठरवतात. बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, आयर्विनला ४० आणि ४५, म्हणजे मधे चार-पाच फुटांचंच अंतर, आणि २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. अशा वेळी आकडा नसला तर माणूस दुसरीकडे विचारतो, पण जुना आकडा ताजा म्हणून दिसला तर तो घरी निवांत झोपतो.

म्हणून आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात वेळ टाका, आणि ती सेन्सरने पाणी मोजलं तेव्हाची पाहिजे, तुम्ही डेटा ओढला तेव्हाची नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण सरकारी सर्व्हर चालू असतो, उत्तर व्यवस्थित येतं, एररही नाही, फक्त आतलं रीडिंग सहा तासांपूर्वीचं असतं. (वेळ यूटीसीमधे, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत येते का तेही बघा, एवढा घोळ पुरात परवडत नाही.) दर तासाला रीडिंग येत असेल तर दोन तास उलटल्यावर आकडा करडा करा आणि स्पष्ट लिहा, "नवीन माहिती आलेली नाही". त्याच वेळी तुमच्या दोघांच्या फोनवर अलर्ट आला पाहिजे, आणि तो पाठवणारी सोय साइटच्या सर्व्हरवर ठेवू नका, नाहीतर सर्व्हर बंद पडला की अलर्टही बंद.

एकदम विचित्र उडी आली, तासात आठ फूट वगैरे, तर रीडिंग फेकून देऊ नका. सेन्सरसमोर कचरा अडकला की असं होतं, पण धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाणी खरंच झपाट्याने चढतं. मूळ आकडा साठवा, पानावर "तपासतोय" असं दाखवा आणि वरच्या बाजूच्या स्टेशनशी ताडून बघा.

अजून एक, केंद्रीय जल आयोगाचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमधे असतात आणि आपल्याकडे सगळे पुलावरच्या मोजपट्टीच्या फुटांत बोलतात. नुसतं ३.२८ ने गुणून जमणार नाही, आधी त्या पट्टीचा शून्य किती मीटरवर धरलाय तो वजा करायचा, आणि तो शून्य पाटबंधारे खात्याकडून लेखी घ्या, ऐकीव नको.

मोठा सर्व्हर नको. पुरात सगळा तालुका एकदम साइट उघडतो, आणि प्रत्येक जण आला की सरकारी सर्व्हरला विचारायचं असं केलंत तर तुम्हीही पडाल आणि त्यांच्यावरही उगाच भार. दर पंधरा मिनिटांनी एकदाच डेटा घ्या, त्यातून एक साधं हलकं पान बनवून ठेवा, रेंज कमी असली तरी उघडेल. फक्त ते घरच्या कॉम्प्युटरवरून चालवू नका, पुरात पहिली तुमच्याकडचीच लाइट जाते.

डेटा कुठून घेतला ते आणि साइट सरकारी नाही हे वरतीच लिहा, आणि गाव सोडायची सूचना प्रशासनाचीच मानायची हेही. मे महिन्यात एकदा सगळं चालवून बघा, कारण उन्हाळ्यात सरकारी डेटात एखाद्या कॉलमचं नाव बदललं तरी कोणाला कळत नाही आणि जूनमधे साइट कोरी दिसते. पासवर्ड मात्र तालुक्याबाहेर राहणाऱ्या तिसऱ्या विश्वासू माणसाकडेही देऊन ठेवा, कारण पाणी कुरुंदवाडात शिरलं तर तुम्ही दोघंही सामान हलवत असाल.