फॉर्म त्यांचा, मार्कशीट आपली

परदेशी ॲडमिशनवर या महिन्यात इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली चार घेतो.

प्रश्न : मुलगी इंजिनीअरिंग झाली, ७० टक्के आहेत. जर्मनीत एमएससाठी चार ठिकाणी अर्ज टाकले. एका ठिकाणाहून ‘कागद अपूर्ण’ एवढंच आलं, कोणता कागद ते सांगत नाहीत. दुसरे म्हणतात ग्रेड बसत नाही. तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीचं मात्र तेवढ्याच मार्कांवर झालं. असं कसं?
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, आधी एक बघा, मार्कशीटची मागची बाजू स्कॅन केली होती का? हसू नका, निम्म्या केसेस इथेच अडकतात. आपल्याकडे पास व्हायला किती लागतात, ओ ग्रेड म्हणजे काय, हे सगळं मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि पोरं सायबर कॅफेत जाऊन पुढची बाजू तेवढी स्कॅन करून येतात.

जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले मार्क त्यांच्या ग्रेडमध्ये बसवायला ते एक सूत्र वापरतात, त्यात तीन आकडे लागतात: जास्तीत जास्त मार्क, पास होण्याचे मार्क आणि तुम्हाला पडलेले. आता तुमच्या मुलीचे ७० घ्या. पासिंग ४० धरलं तर ग्रेड येतो २.५, आणि तेच पासिंग ५० धरलं तर २.८. पुष्कळ कोर्सना २.५ ची अट असते, म्हणजे पोरगी तीच, मार्क तेच, पण एक आकडा समोरच्याला दिसला नाही किंवा त्याने अंदाजाने टाकला की ती बाहेर. मैत्रिणीने दोन्ही बाजू लावल्या असतील, दुसरं काही नाही.

दुसरी शक्यता नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडलांचं, कुठे आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकडच्या माणसाला काय माहिती की ‘पाटील’ हे नाव नाही आडनाव आहे, त्याला दोन वेगळ्या पोरी दिसतात. नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करून अर्जाला जोडून टाका. खरं तर यावर उपाय अगदी साधा आहे, फॉर्ममध्ये ‘मार्कशीटवर जसं छापलंय तसं नाव’ असा एक रकाना वाढवायचा, पण तो वाढवणार कोण.

आणि माझी खरी तक्रार पुढे आहे. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट सक्तीचं झालं, त्याची फी १८ हजार रुपये, आणि काम काय तर आपल्या मार्कशीटा खऱ्या आहेत का ते तपासणं. ठीक आहे, तपासा. पण त्यानंतर युनी-असिस्ट, म्हणजे बऱ्याच जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था, तेच कागद परत बघणार, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, चारही अर्ज त्यांच्याकडून गेले तर १६५ युरो झाले, आणि मग विद्यापीठ पुन्हा एकदा बघणार. तीन जण तपासतात आणि तिघांतला एकही सांगत नाही की बाई, अमुक पान लागत नाहीये. ‘अपूर्ण’ लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात कागदाचं नाव लिहून होतं की वो!

आपली बाजू पण धुतल्या तांदळासारखी नाही. ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांच्या एकत्र कागदाच्या, पहिल्याच पानावर पासिंगचे मार्क, एकूण मार्क आणि क्रेडिट ठळक छापायला परीक्षा विभागाला खर्च शून्य आहे. हिवाळी सत्राच्या पुष्कळ अर्जांची शेवटची तारीख १५ जुलै असते, आणि आपला शेवटच्या सेमिस्टरचा निकाल कधी लागतो ते मी सांगायला नको. ज्या पोरांचा शेवटचा निकाल बाकी आहे त्यांनी वाट बघत बसू नये, आतापर्यंतच्या सेमिस्टरवर अर्ज घेतात का ते आधी मेल करून विचारावं, बरीच विद्यापीठं घेतात आणि फायनल कागद नंतर मागतात.

प्रश्न : आमची केळीची शेती आहे. यूकेचं बघतोय. जळगावचा एक एजंट म्हणतो माझी फी काहीच नाही, सगळं फुकट करून देतो. विश्वास ठेवू का? आणि लोनला सातबारा चालेल का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, फुकट नाहीये ते, त्याचे पैसे विद्यापीठ देतं. तुम्ही भरलेल्या फीतून त्याला कमिशन मिळतं. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण मग तो तुम्हाला कुठलं कॉलेज दाखवणार हे तुम्हीच ओळखा. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा असं कमिशन देत नाहीत, म्हणून एजंट लोक तिकडे जाऊ नका म्हणतात किंवा खाजगीत घालतात. माझं मत असं की विद्यापीठाने ऑफर लेटरवरच छापावं, हा अर्ज अमक्या एजंटमार्फत आला, त्याला आम्ही पैसे देतो. मग घरच्यांना कळेल समोरचा माणूस कोणाचा आहे.

ऑफर लेटर एजंटच्या व्हॉट्सॲपवरून आलं तर मानू नका, विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा ईमेल काढून स्वतः विचारा. २०२३ मध्ये कॅनडात भारतातल्या पोरांची बनावट ऑफर लेटरं उघडकीस आली, पोरं तिथे शिकून कामाला लागलेली आणि मग कळलं की कागदच खोटा. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून तिथल्या सरकारने नियम केला की प्रत्येक लेटर कॉलेजने स्वतः इमिग्रेशन खात्याला कन्फर्म करायचं. ऑफिसने ऑफिसला विचारायचं, पोराच्या हातात कागद देऊन फिरवायचं नाही. हे आधीच करायला काय झालं होतं?

सातबाऱ्याचं मात्र वाईट ऐकाल. कर्ज बुडालं तर बँकेला कोर्टात न जाता तारण विकता येतं तो सरफेसी कायदा, शेतजमीन त्यात येत नाही, म्हणून बँका शिक्षणाच्या कर्जाला ती तारण सहसा घेत नाहीत, मग दहा एकर केळी असो की पंचवीस. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात, त्यासाठी घर, एनए प्लॉट किंवा एफडी बघा. डिपॉझिट भरण्याआधी रिफंडचा नियम लेखी घ्या, व्हिसा नाकारला तर किती कापणार आणि किती दिवसांत देणार. तोंडी ‘मिळतात हो’ यावर एक रुपयाही भरू नका.

प्रश्न : मी कॉलेजात क्लार्क आहे. सरांनी सांगितलं, परदेशी विद्यार्थी आणायचेत, इंटरनॅशनल सेल काढा. सेल म्हणजे मी आणि एक कॉम्प्युटर. कुठून सुरू करू?
– एक वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र वाचून आनंद झाला, कारण आता आपण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतोय. यूजीसीने २०२२ मध्ये मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जादा जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवायची मुभा दिली, म्हणून सगळ्यांना एकदम सेल आठवलेत. भारतात येणाऱ्यांत सगळ्यात जास्त पोरं नेपाळची, त्यांना व्हिसा लागत नाही, सुरुवात तिथून करा म्हणजे हात बसेल.

मग आफ्रिकेतून वगैरे अर्ज येतील तेव्हा खरी परीक्षा. नायजेरियाचा पोरगा त्याच्या बोर्डाचा रिझल्ट पाठवेल, तर त्याला ‘अटेस्टेड कॉपी पाठवा’ म्हणू नका, त्या बोर्डाचा रिझल्ट पिन टाकून ऑनलाइन बघता येतो, तुम्ही स्वतः बघा. तिकडची बारावी आपल्या बारावीबरोबर धरायची का ते एआययूकडून (भारतीय विद्यापीठ संघ) ठरतं, तो अर्ज कसा करायचा ते त्याला आधी सांगा, इथे आल्यावर नाही. ॲडमिशनचं पत्र एप्रिलपर्यंत हातात पडलं पाहिजे, कारण जुलैत दिलेल्या पत्रावर व्हिसा काढून माणूस येईस्तोवर इथे पहिली युनिट टेस्ट होऊन जाते. पत्रात एकूण फी लिहा, म्हणजे खरंच एकूण, हॉस्टेल, मेस, परीक्षा फी सगळं. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात किती तापतं तेही लिहून टाका, लपवून उपयोग नाही, पोरगं आल्यावर कळणारच आहे.

पोरगा आला की परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती हॉस्टेलने २४ तासांत ऑनलाइन भरायची. १८० दिवसांपेक्षा जास्तीचा व्हिसा असेल तर १४ दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात (एफआरआरओ) त्याची नोंदणी. नेपाळवाल्यांना ही नोंदणी लागत नाही. हे राहिलं तर ताप पोराला आणि कॉलेजला दोघांना.

आणि एक आगाऊ सल्ला, सरांना पटला तर बघा. याच टेबलावर बाहेर जाणाऱ्या आपल्या पोरांची ट्रान्स्क्रिप्टं पण घ्या. बाहेरचे कागद रोज बघणाऱ्यालाच आपल्या कागदात काय कमी आहे ते दिसतं. अर्ज आला की नंबर द्या, किती दिवस लागतील ते सांगा, उशीर होणार असेल तर फोन करा. चोपड्याच्या ताईंना एवढंच हवं होतं.

प्रश्न : मी आदिवासी विद्यार्थी आहे. शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे, यादी लागायची आहे, पण विद्यापीठ डिपॉझिट आत्ताच मागतंय. जागा जाईल का?
– एक विद्यार्थी, धडगाव

उत्तर : उधारी करून भरू नकोस. शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच जोडून ॲडमिशन ऑफिसला आजच मेल कर, सरकारी स्पॉन्सरशिपची वाट बघतोय, तारीख वाढवून द्या किंवा डिपॉझिट माफ करा. बरीच विद्यापीठं स्पॉन्सर्ड विद्यार्थ्यांना यात सूट देतात, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाहीत. नाहीच म्हणाले तर पुढच्या सत्राला ऑफर ढकलता येते का ते विचार, आणि उत्तर फोनवर नको, मेलवरच घे.