दिवा दिसू नये, पायरी दिसावी

वाचकांचे प्रश्न : घर आणि अंगण

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्रनगरात आमचे जुने घर आहे. मागच्या अंगणात या उन्हाळ्यात आम्ही १२ फूट बाय १६ फुटांचा डेक करून घेतला. लोखंडी चौकटीवर गडद तपकिरी डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) पट्ट्या आहेत आणि अंगणात उतरायला ३ पायऱ्या आहेत. एका बाजूला पारिजातक आहे, समोर तुळशीवृंदावन. वायरमनचे म्हणणे असे की चार कोपऱ्यांत ५० वॅटचे चार फ्लड लाइट लावले की काम संपले. मुलगा म्हणतो, वायरिंगची कटकटच नको, सोलरचे दिवे आणू. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला त्या याच पायऱ्या उतरतात. आम्ही काय निवडावे?

उत्तर : सासूबाईंचा उल्लेख आपण शेवटी केला आहे, पण निवडीची सुरुवात तिथूनच करायला हवी. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते आणि समोरून येणारा प्रखर प्रकाश त्यात विखुरतो. त्यामुळे कोपऱ्यातला फ्लड लाइट नजरेच्या रेषेत आला की त्यांना पायरीऐवजी नुसता पांढरा पडदा दिसेल. वयाबरोबर डोळ्याला प्रकाश अधिक लागतो हे खरे, मात्र तो पायरीवर पडलेला हवा. दिव्याचा बल्ब बसलेल्या किंवा उतरणाऱ्या माणसाला कोठूनही दिसता कामा नये, ही एक अट पाळली तर बाकीचे निर्णय फार अवघड राहत नाहीत.

आता वायरमनचा हिशेब तपासून पाहू. एलईडी फ्लड लाइट एका वॅटला साधारण १०० ल्युमेन प्रकाश देतो, म्हणजे चार दिव्यांचे २०,००० ल्युमेन झाले. आपला डेक जेमतेम १८ चौरस मीटरचा आहे. त्यातला निम्मा प्रकाश शेजाऱ्यांच्या खिडकीत आणि आकाशात गेला असे धरले, तरी डेकवर ५०० लक्सच्या (म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेनच्या) वर प्रकाश पडेल. घरातल्या बैठकीच्या खोलीत आपण १०० ते २०० लक्समध्ये मजेत बसतो. चालायला १०-२० लक्स आणि जेवायला ५० लक्स पुरेसे होतात. रात्रीच्या गारव्यासाठी, ‘शब-ए-मालवा’साठी, ज्या गावाची ख्याती, तिथे अंगणाचे क्रिकेटचे मैदान करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

माझी सूचना अशी. तिन्ही पायऱ्यांच्या उभ्या बाजूंत प्रत्येकी दोन, १ वॅटचे, खाली झुकलेल्या झडपेचे पायरी-दिवे बसवावेत. म्हणजे प्रकाश खालच्या पायरीवर सांडतो आणि दिवा झाकलेला राहतो. पायरी कुठे संपते हे कळावे म्हणून प्रत्येक पायरीच्या कडेला फिकट रंगाची, न घसरणारी पट्टी लावावी; गडद तपकिरी पायऱ्यांवर या स्वस्त पट्टीचा उपयोग महागड्या दिव्याइतकाच होतो. डेकच्या कठड्याखाली, वरून दिसणार नाही अशा बेताने, अॅल्युमिनियमच्या खाचेत दुधी आवरणाची ४ मीटर एलईडी पट्टी बसवावी. मीटरला ५ वॅटची पट्टी पुरते, आणि तिला प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर अवश्य घ्यावा. जेवणाच्या टेबलासाठी घराच्या भिंतीवर खाली तोंड केलेला ७ वॅटचा एक दिवा असावा, पण त्याचे बटण वेगळे ठेवावे. पारिजातकाला ५ वॅटचा एकच दिवा, खोडाजवळून वर रोखलेला, पुरे. हे सगळे मिळून ४० वॅटच्याही आत बसते; वायरमनचा आकडा २०० वॅटचा होता.

तुळशीवृंदावनावर मात्र एकही दिवा रोखू नये. पणतीची ज्योत ही तिथली खरी रोषणाई आहे आणि तिच्याशेजारी विजेचा झोत आला की ती दिवसाउजेडी लावल्यासारखी केविलवाणी दिसते. वृंदावनापर्यंत जाणारी वाट पायरी-दिव्यांच्या उजेडात दिसते की नाही, एवढे पाहिले म्हणजे झाले. नाही दिसली तर वाटेच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीचा, वर टोपी असलेला एक दिवा लावावा.

रंगाबाबत दुकानदाराचे ऐकू नये. महाराणी रोडवर आपण नुसता ‘एलईडी’ मागितला तर बहुधा ६५०० केल्व्हिनचा, निळसर पांढरा दिवा पुढे केला जाईल. डेकसाठी २७०० केल्व्हिनचा, फार तर ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा घ्यावा आणि सगळे दिवे एकाच आकड्याचे आहेत ना, हे खोक्यावर वाचून खात्री करावी. एक दिवा २७०० चा आणि शेजारचा ४००० चा असेल तर ते डोळ्याला लगेच खुपते.

खोक्यावरचा दुसरा महत्त्वाचा आकडा ‘आयपी’चा असतो. त्यातला पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. कठड्याखालची पट्टी आणि भिंतीवरचा दिवा यांना आयपी ६५ पुरते, कारण त्यांच्यावर पावसाचा मारा होईल, पण पाणी साचणार नाही. पायऱ्यांतल्या आणि जमिनीलगतच्या दिव्यांना आयपी ६७ हवे. त्याचा अर्थ असा की दिवा १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी शिरत नाही.

पण हा आकडा दिव्याचा असतो, जोडाचा नसतो, आणि मी नेमका तिथेच फसलो होतो. माझ्या अंगणात आयपी ६७ चे चार दिवे बसवले आणि कारागिराने वायरचे जोड नुसती टेप गुंडाळून मातीत पुरले. श्रावणात पाहतो तो एका दिव्याच्या काचेमागे बोटभर पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या दोन मुंग्या. दिव्याला कुठेही भेग नव्हती. झाले होते असे की चालू असताना दिवा तापतो, आतली हवा प्रसरण पावते; बंद झाल्यावर तो थंड होतो आणि आत ओढ निर्माण होते. जोड ओला असेल तर तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून पाणी नळीतून ओढल्यासारखे आत जाते. म्हणून जोड जेल भरलेल्या डबीतच करावेत, आणि शक्य तर जमिनीत एकही जोड ठेवू नये. डेकच्या चौकटीला, जमिनीपासून वीतभर तरी वर, जंक्शन बॉक्स बसवून घ्यावा.

माळव्याच्या काळ्या मातीचा विचारही इथेच करावा लागतो. ही माती पावसात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसते खोचलेले दिवे एका पावसाळ्यात तिरके होतात, आणि ताणून पुरलेली वायर जमिनीबरोबर ओढली जाऊन दिव्याच्या तोंडाशी सैल होते. पारिजातकाच्या दिव्याखाली काँक्रीटचा छोटा ठोकळा घालावा, वायर पाइपातून न्यावी आणि दोन्ही टोकांना हातभर वळसा मोकळा सोडावा.

भिंतीवरचा दिवा सोडून बाकी सगळे कमी दाबाच्या विजेवर चालवावे, म्हणजे ओल्या हाताने किंवा बागेच्या कुदळीने होणारे अपघात टळतात. १२ व्होल्ट की २४, असे विचारले जाईल तेव्हा २४ म्हणावे. आपल्या दिव्यांचा भार सुमारे ३० वॅट आहे. १२ व्होल्टवर त्याला अडीच अँपिअर प्रवाह लागतो आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून २० मीटर अंतर गेल्यावर जवळपास सव्वा व्होल्ट, म्हणजे दहा टक्के दाब वाटेतच खर्च होतो; शेवटचा दिवा मलूल दिसतो. २४ व्होल्टवर हीच घट अडीच टक्क्यांवर येते. दिवेही अर्थात २४ व्होल्टचेच घ्यावेत. ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेचे २४ व्होल्ट करून देणारी डबी, ४० वॅटचा घ्यावा आणि तो उन्हापावसात न ठेवता व्हरांड्यात, हवा खेळेल अशा जागी बसवावा, कारण एलईडीच्या आधी बहुधा ड्रायव्हरच जळतो. बाहेरच्या २३० व्होल्टच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. त्याच लाइनवर झाकणाचा एक सॉकेटही करून घ्यावा. नाहीतर दिवाळीच्या माळा पुन्हा खिडकीच्या फटीतून वायर काढूनच लावल्या जातील.

काहीही विकत घेण्याआधी एका रात्री घरातले सगळे मोबाइल घेऊन त्यांचे टॉर्च पातळ रुमालात गुंडाळावेत, कठड्याखाली आणि पायऱ्यांशी टेकवून ठेवावेत आणि सासूबाईंना सावकाश, कोणाचा तरी हात धरून, उतरायला सांगावे. कोणती पायरी दिसली नाही हे त्या कोणत्याही जाणकारापेक्षा अचूक सांगतील.

प्रश्न : आम्ही अंगणातल्या ओट्याभोवती सोलरचे दिवे लावले आहेत. उन्हाळ्यात ते मध्यरात्रीपर्यंत चालत होते, जुलैत मात्र नऊच्या आतच विझू लागले. दिवे खराब निघाले का? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : दिव्यांत दोष असेलच असे नाही. १ वॅटचा दिवा सहा तास चालवायला ६ वॅट-तास ऊर्जा लागते. वरचे २ वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १० वॅट-तासांच्या आसपास मिळवते, तेव्हा थोडी गळती धरूनही काम भागते. आभाळ दाटले की हीच कमाई पावपटीवर येते आणि दिवा दोन तासांत दमतो. पॅनेलवर झाडाची सावली पडते का, हे दुपारी पाहावे, आणि उन्हाळ्यातली धूळ आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी. पुढच्या वेळी बॅटरी बदलता येईल असाच दिवा घ्यावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उन्हाची तलखी अधिक सोसते. सोलरचे दिवे फुलझाडांच्या वाफ्याशी शोभून दिसतात, पण पायऱ्यांचा भरवसा त्यांच्यावर टाकू नये. आधीच्या पत्रातल्या चिरंजीवांनाही हेच उत्तर.

प्रश्न : दिवे आपोआप लागावेत म्हणून टायमर घ्यावा की प्रकाश ओळखणारा सेन्सर?

उत्तर : सेन्सर. इंदुरात जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आधीच; टायमरची वेळ वर्षभर बदलत बसावी लागते. सेन्सर त्याच दिव्याच्या उजेडात येणार नाही अशा जागी लावावा, नाहीतर दिवा लागताच सेन्सरला दिवस उजाडल्याचा भास होतो आणि उघडझाप सुरू होते.

प्रश्न : डेकवर दिवा लावला की किड्यांमुळे बसता येत नाही. उपाय काय?

उत्तर : किडे निळसर आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक ओढले जातात, त्यामुळे २७०० किंवा २२०० केल्व्हिनच्या दिव्यांपाशी त्यांचा त्रास कमी होतो, पूर्ण थांबत नाही. टेबलावरचा दिवा मंद ठेवून दहा-पंधरा फुटांवर, कुंपणाशी, थोडा प्रखर दिवा लावला तर बरेचसे किडे तिकडे वळतात. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे उठतात, त्या दोन-तीन संध्याकाळी मात्र डेकवरचे सगळे दिवे बंद ठेवावेत आणि जेवण घरात करावे.