आधी भिंत कोणाची ते सांग

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. एकशेऐंशी माणसं मावतील एवढी खोली, आठवड्यातून तीन रात्री संगीताचे कार्यक्रम, वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्यांची आवाजाची तक्रार. पालिकेला द्यायचं निवेदन अर्धवट पडलंय, अनुदानाच्या अर्जाची मुदत तोंडावर आलीय, आणि परदेशातल्या दोन जागांशी कलाकारांच्या देवाणघेवाणीची बोलणी चालू आहेत. यातलं आधी काय हातात घेऊ, असं विचारतोस. पाच पानं लिहिलीस, पण भाडेकरार किती वर्षांचा उरलाय ते एका ओळीतही नाही.

छोट्या जागा का जगायला हव्यात हे मला समजावू नकोस. त्यावर तू दीड पान खर्च केलंयस. निवेदनातही तेच असेल तर तिथूनही काढ.

मी अकरा वर्षं एक जागा चालवली, निव्वळ शब्दावर. मालक सज्जन माणूस होता, मागच्या भिंतीला टेकून ऐकत उभा राहायचा. नवव्या वर्षी अनुदान मिळालं आणि ते सगळं मी आवाज अडवण्यात घातलं. दुहेरी दारं बसवली, जमीन उचलून खाली रबर घातलं, छत दोन थरांचं केलं. दोन वर्षांनी मालक वारला आणि मुलांनी इमारत विकायला काढली. जाहिरातीत एक ओळ होती: 'बाहेरचा आवाज अजिबात आत येत नाही.' ते काम माझं होतं. लोकांच्या पैशातून मी दुसऱ्याच्या भिंती जाड करून दिल्या.

तेव्हापासून कोणी धोरण म्हटलं, अनुदान म्हटलं, की मी एकच विचारतो: भिंत कोणाची? बैठकीत लोक वैतागतात. वैतागू देत.

आवाजाचं म्हणशील तर तुझी बाजू लंगडी नाही. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाने २०१४मध्ये नियोजनाच्या नियमात एक तत्त्व आणलं: जो नंतर येऊन बदल घडवतो, आवाजाचा बंदोबस्त त्याने करायचा. जुन्या संगीताच्या जागेशेजारी नवी घरं बांधलीस तर खिडक्या तू जाड कर. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात ते २०१८मध्ये आलं. निवेदनात हे जरूर घाल, आणि वरच्या कुटुंबाशी भांडू नकोस. त्यांना ते घर विकणाऱ्याने खाली रात्री काय चालतं ते सांगितलं होतं का, एवढंच शोध. पण एक ध्यानात ठेव. हे तत्त्व तुला शेजाऱ्यापासून वाचवतं, मालकापासून नाही. उद्या त्याने करार वाढवला नाही, तर नियोजनाचं कुठलंही कलम तुझ्या मदतीला धावत नाही.

आणि ठराव म्हणजे कायदा समजू नकोस. जर्मनीच्या संसदेने मे २०२१मध्ये ठराव केला, की संगीताच्या क्लबांना बांधकामाच्या नियमांत सांस्कृतिक वास्तू मानावं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण त्या ठरावात सरकारला नियम बदलायला सांगितलं होतं, नियम त्या दिवशी बदलला नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. फ्रान्समध्ये संगीताच्या कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीवर साडेतीन टक्के कर आहे. २०२०पासून तो राष्ट्रीय संगीत केंद्राकडे जातो आणि त्यातून याच क्षेत्राला मदत मिळते. मोठ्यांच्या गल्ल्यातून लहानांच्या चुलीत सरपण, ही कल्पना मला मनापासून पटते. तुमच्याकडे असं काही होणार असेल तर पाठिंबा दे. पण अनुदान आल्याचं कळताच मालकाने भाडं वाढवलं, तर ते अनुदान तुला मिळालं की त्याला?

छोट्या संगीताच्या जागांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेला हे कळायला माझ्याएवढी वर्षं लागली नाहीत, याचा मला थोडा मत्सर वाटतो. त्यांच्याकडच्या छोट्या जागांपैकी दहात नऊहून जास्त भाडेकरू आहेत, हे त्यांनी मोजून मांडलं. मग लोकांना समभाग विकून इमारतीच विकत घ्यायला सुरुवात केली. २०२३मध्ये ॲथर्टन गावातली 'द स्नग' ही पहिली. नफा काढून विकून टाकेल असा मालकच उरला नाही. मी ती बातमी वाचली आणि बराच वेळ गप्प बसलो.

लोक म्हणतात, तू भोळा होतास, लेखी करार करायला हवा होतास. ते बरोबरही आहे. पण त्या काळी संगीताच्या जागेला लांबचा करार द्यायला कोण तयार होतं? मी मागितलाच नाही, हे खरं; मागितला असता तर माझा मालकही हसला असता. कदाचित नसताही हसला. अकरा वर्षांत विचारलं असतं तर कळलं असतं. जाऊ दे.

परदेशी भागीदारीवर मात्र तुझ्याशी भांडायचंय. बीटल्स १९६०मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गेले आणि तिथे रात्र-रात्र वाजवून घडले, हे तू मोठ्या उत्साहाने लिहिलंस. त्यांनी सुरुवात केली तो 'इंद्रा' क्लब आवाजाच्या तक्रारींमुळेच संगीताला बंद झाला, हे लिहिलं नाहीस. त्यांना लगेच दुसरीकडे नेता आलं, कारण 'इंद्रा' चालवणाऱ्याच्याच ताब्यात दुसरा क्लब होता. तुझ्याकडे दुसरी खोली आहे का? युरोपात 'लाइव्हयुरोप' नावाचं जाळं २०१४पासून आहे. परदेशी नवोदितांना मंच दिला की सभासद जागांना त्याबद्दल जादा पैसे मिळतात. योजना चांगली आहे, पण ती जागांसाठी आहे. जागा गेली की सभासदत्वही गेलं.

त्या दोन भागीदारांकडून कलाकार नंतर माग, आधी कागद माग. फ्रान्समध्ये अशा अनेक जागांच्या इमारती नगरपालिकांच्या मालकीच्या आहेत. त्यांचा करार किती वर्षांचा असतो, दुरुस्ती कोणाकडे, विक्री निघाली तर पहिला हक्क कोणाचा, हे विचार. देवाणघेवाण याची होऊ दे. असल्या पत्रव्यवहाराला कोणी फोटो काढायला येत नाही, म्हणून तो कोणी करत नाही.

अर्ज सोडू नकोस, भर. फक्त ध्वनियंत्रणेची रक्कम निम्मी कर आणि त्या जागी वकिलाची फी लिही. समिती नाक मुरडेल. मालकाला पंधरा वर्षांच्या नोंदणीकृत करारासाठी आणि विक्रीतल्या पहिल्या हक्कासाठी पत्र आजच पाठव. तोंडी बोलू नकोस, तो कितीही चांगला असला तरी.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा करार घेऊन ये. झेरॉक्स नको, मूळ प्रत आण. मागच्या पानावर कोणी हाताने काही लिहून ठेवलंय का तेही मला बघायचंय.