ग्नोम फाउंडेशनच्या संचालक मंडळासाठी उभं राहायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही बरीच वर्षं ग्नोमचं, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या त्या मुक्त डेस्कटॉपचं, मराठी भाषांतर करताय, फाउंडेशनचे सदस्य आहात, आणि काहीजण तुम्हाला संचालक मंडळाच्या निवडणुकीला उभं राहा म्हणताहेत. कोड लिहिता येत नाही ही तुमची पहिली शंका. निवडून आलात तर भारतीय भाषांसाठी काही करता येईल का, ही दुसरी. मी अनेक वर्षं सदस्य आहे, मंडळाची इतिवृत्तं नेमाने वाचते, त्या जोरावर लिहितेय.

कोडचं आधी निकालात काढू. त्याने काही अडत नाही, कारण मंडळ सॉफ्टवेअर ठरवतच नाही. पुढच्या आवृत्तीत काय यावं हे त्या त्या भागाचा कोड सांभाळणारे मेंटेनर आणि आवृत्ती बाहेर काढणारी रिलीज टीम ठरवते. २००० साली फाउंडेशन उभं राहिलं ते बाकीच्या कामांसाठी: पैसा, करार, ट्रेडमार्क, परिषदा, पगारी माणसं. रोजचा कारभार पाहणारे पगारी प्रमुख, म्हणजे एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, नेमणं आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवणं हे मंडळाचं बहुधा सगळ्यात जड काम. एखादी गोष्ट डेस्कटॉपमध्ये बदलायची म्हणून कुणी मंडळावर जात असेल, तर त्याच्या पदरी निराशाच येईल.

आता हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते तीन प्रसंगांवरून सांगते. तिन्ही जाहीर आहेत.

२०१४च्या एप्रिलमध्ये फाउंडेशनने अत्यावश्यक नसलेला सगळा खर्च गोठवला. कारण काय, तर महिलांसाठीचा इंटर्नशिपचा कार्यक्रम, जो पुढे आउटरीची नावाने चालू लागला. तो फार वेगाने वाढला होता. इंटर्नचं मानधन फाउंडेशनने वेळेवर द्यायचं आणि प्रायोजक संस्थांकडून ते नंतर वसूल व्हायचं, अशी रचना होती. कार्यक्रम छोटा होता तोवर निभावलं. मोठा झाल्यावर येणी थकली आणि तिजोरीत हातखर्चापुरतंही उरेना. यात कुणी पैसे खाल्ले नव्हते, कार्यक्रमही चांगलाच होता. आपल्याकडच्या कितीतरी मुली त्यातूनच पुढे या क्षेत्रात आल्या. चुकलं ते एवढंच, की रोख कधी येणार आणि कधी जाणार याचा तक्ता वाढत्या आकड्यांबरोबर कुणी पुन्हा मांडला नाही. हे काम मंडळाचं होतं. मी प्रत्येक इच्छुकाला हा प्रसंग सांगते, कारण चांगल्या हेतूने चाललेल्या संस्थाच अशा अडचणीत सापडतात. सोसायटीच्या कमिटीवर ज्यांनी सिंकिंग फंडाचा हिशेब ठेवलाय, त्यांना हे चटकन कळेल.

त्याच वर्षी ग्रुपऑन या सवलतीची कूपनं विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने ‘ग्नोम’ याच नावाचं, दुकानात बिलं करायचं यंत्र आणलं आणि नावासाठी ट्रेडमार्कचे अर्ज केले. विरोध नोंदवायला मुदत होती आणि वकिलांसाठी पैसा हवा होता. नोव्हेंबरमध्ये फाउंडेशनने ८० हजार डॉलर्सचं जाहीर आवाहन केलं. गदारोळ इतका झाला की त्याच दिवशी कंपनीने माघार घेतली. पुढे २०१९ साली शॉटवेल या ग्नोमच्या फोटो सांभाळायच्या प्रोग्रॅमवरून पेटंटचा दावा आला. तेव्हा पैसे देऊन प्रकरण मिटवणं सोपं होतं, पण फाउंडेशन लढलं. लोकांनी दीड लाख डॉलर्सवर निधी उभा केला, आणि मे २०२० मध्ये समझोता झाला तो असा, की त्या दावेदाराची सगळीच पेटंट मुक्त परवान्याच्या सॉफ्टवेअरवर चालवायची नाहीत. याचा फायदा ग्नोमबाहेरच्या प्रकल्पांनाही झाला. मला या संस्थेचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो या निर्णयासाठी. तिथे बसलेल्या कुणीतरी ‘नाही, लढू’ म्हणायची जोखीम घेतली होती.

अलीकडचा काळ मात्र ओढाताणीचा आहे. २०२४ साली मंडळाने उघड सांगितलं की काही वर्षं खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होतोय आणि गंगाजळी आटलीय. कर्मचारी कमी करावे लागले. म्हणून तुम्ही आज गेलात, तर पहिल्याच बैठकीत ‘काय बंद करायचं’ याची यादी समोर येऊ शकते, आणि त्या यादीत तुमच्या आवडीचं काही असू शकतं.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. निवडून आलात की तुम्ही मराठीचे किंवा भारताचे प्रतिनिधी राहत नाही. कायद्याने तुमची बांधिलकी संस्थेशी असते. भाषांतरगटाला पैसे द्यायचा विषय निघाला तर तुमचा संबंध आधी सांगायचा आणि मतदानातून बाजूला व्हायचं. तरीही तिथे आपलं माणूस असण्याचा उपयोग आहे, फक्त तो वेगळा आहे. ग्वाडेक ही ग्नोमची मुख्य वार्षिक परिषद बहुतेकदा युरोपात होते. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा मिळवायचा तर भेटीची तारीख मिळण्यापासूनच झगडावं लागतं. परिषदेची जागा आणि प्रवासखर्चाची मंजुरी उशिरा जाहीर झाली, तर आपला माणूस नियमाने पात्र असूनही पोचत नाही. हे ज्याने सोसलंय तोच बैठकीत वेळेवर बोलतो. ग्नोम एशिया ही आशियातली परिषद बंगळुरात २०११ साली झाली आणि २०२४ सालीही. मधल्या काळात इथे नवीन मुलं किती टिकली, असा प्रश्न विचारायलाही कुणीतरी लागतं.

निवडणुकीचं गणित फार अवघड नाही. मतदान पसंतीक्रमाने होतं, आपल्याकडे विधान परिषदेला होतं तसं. एकाच कंपनीशी संबंधित माणसं मंडळाच्या ४० टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत, म्हणून उमेदवारी देताना तुम्ही कुठे नोकरी करता ते लिहावं लागतं. तुमच्या कंपनीतले आणखी कुणी उभे असतील तर आधीच बोलून घ्या. आणि तुमच्या साहेबांशीही बोला. काम बिनपगारी आहे आणि युरोप-अमेरिकेला जमणारी वेळ आपल्याकडे रात्री जेवणं झाल्यावरच येते. घरच्यांनाही आधी सांगितलेलं बरं.

इंग्रजीची काळजी तुम्ही बोलून दाखवली नाहीत, पण आपल्यातल्या अनेकांना ती असते. अस्खलित बोलण्याची गरज नाही. ताळेबंद वाचून ‘हा आकडा मागच्या वर्षी निम्मा होता, का वाढला?’ एवढं विचारता आलं पाहिजे, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारायचा धीर पाहिजे. मंडळात गप्प बसणारा भला माणूस संस्थेला महाग पडतो. बैठकीतल्या गोपनीय गोष्टी, विशेषतः माणसांबद्दलच्या, जवळच्या मित्रालाही न सांगणं हेही जमायला हवं. बाहेर लोक तुमच्यावर तुटून पडतील आणि तुम्हाला खुलासा करता येणार नाही, अशी वेळ येते.

माझं मत विचाराल तर तुम्ही उभं राहावं, पण या वर्षी नाही. आधी प्रवासखर्चाच्या किंवा सदस्यत्वाच्या समितीत एक वर्ष काढा; तिथे माणसं नेहमी कमीच असतात. मागच्या तीन वर्षांचे फॉर्म ९९०, म्हणजे अमेरिकेतल्या ना-नफा संस्था करखात्याला देतात ती वार्षिक विवरणपत्रं, वाचा, ते जाहीर असतात, आणि इतिवृत्तांशी ताडून बघा. ते वाचताना कंटाळा आला तर मंडळाचा नाद सोडा आणि भाषांतर करत राहा, त्याचीही तितकीच गरज आहे. वाचताना प्रश्न पडत गेले, तर ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी उमेदवारीचं निवेदन त्याच प्रश्नांतून लिहा. मसुदा मला दाखवलात तर मी आनंदाने वाचेन.